बाबांचा ओळखवर्ग

बाबांचा वर्ग आता वहिनी घेणार, ही बातमी ताईला आत्याकडून कळली. बातमीइतकंच तेही तिला लागलं.

दुकानाच्या मागच्या खोलीत ती एका लेन्सची कड घासत बसली होती. चाकावर पाण्याची बारीक धार पडत होती आणि काच फ्रेमच्या मापाला उतरायला थोडीच बाकी होती. आत्या आत आली, स्टूल ओढून बसली, पदराने कपाळ पुसलं आणि काही विशेष नसल्यासारखं सांगून टाकलं. काल संध्याकाळीच म्हणे प्रार्थनाघराच्या मंडळींना कळवलं. बाबांनी स्वतः, सूनबाईला शेजारी बसवून.

"तुला तर आधीच सांगितलं असेल," आत्या म्हणाली.

"हो तर," ताई म्हणाली, आणि काचेचा टवका उडाला.

तिला कोणी काही सांगितलं नव्हतं.

बाबा म्हणजे या चष्म्याच्या दुकानाचे मालक, पण गावात त्यांना ओळखत होते ते त्या वर्गामुळे. दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थनाघराच्या मागच्या दालनात तो भरायचा. सगळे त्याला ओळखवर्ग म्हणत. ज्यू धर्मात येऊ पाहणारे, ज्यू मुलाशी किंवा मुलीशी लग्न ठरलेले, नाहीतर नुसतेच कुतूहल असलेले लोक तिथे येत. बाबा त्यांना स्वर्गाविषयी काही सांगत नसत. देवाविषयीसुद्धा फार उशिरा बोलत. पहिल्या दिवशी ते विचारायचे, की मजुराची मजुरी त्याच दिवशी का द्यायची, उद्या दिली तर काय बिघडतं? तिथून लोक बोलायला लागायचे, भांडायला लागायचे, आणि बाबा खूश. आपल्या परंपरेत वादात हरलेल्याचं मतही जपून ठेवतात, ते म्हणायचे, कारण उद्या कोणाला तेच बरोबर वाटू शकतं.

ताई त्यांच्या मांडीवर बसून जुनी लिपी शिकली होती. शाळेत जायच्या आधीच तिला उजवीकडून डावीकडे वाचता येत होतं. पुढे लग्न केलं नाही, दुकानाची मागची खोली सांभाळली आणि बुधवारी वर्गाच्या खुर्च्या लावल्या. बाबा एखादं वचन अर्धवट आठवून थांबले की मागच्या रांगेतून ती हळूच पुढचा शब्द पुरवायची. हे इतकी वर्षं चाललं होतं की आपल्यानंतर कोण, हा प्रश्न बाबांना पडेल असं तिला कधी वाटलंच नाही.

मागच्या हिवाळ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. हात-पाय सावरले, जीभ सावरली नाही. आणि घरात वाचा-उपचार करणारी एकच व्यक्ती होती: धाकट्या भावाची बायको, म्हणजे वहिनी. इस्पितळातून आली की ती बाबांसमोर आरसा धरून बसायची. ओठ गोल करा, जीभ वर लावा, आता म्हणा. हळूहळू बाबा बोलू लागले, पण ते बोलणं तिलाच कळायचं. जेवताना बाबा काहीतरी पुटपुटले की ताई मीठ पुढे करायची आणि वहिनी पाणी. हवं असायचं पाणीच. अशा वेळी ताई मिठाचं भांडं परत जागेवर ठेवायची आणि खाली मान घालून जेवायची.

"मी म्हणते, शिकवायला तोंड लागतं, ते त्यांनी तिचं घेतलं," आत्या म्हणाली. "पण पोटची पोर असताना? आणि ती तर याच वर्गात येऊन आपली झाली. काल आलेली."

ताईने तुटकी काच डब्यात टाकली आणि नवी घेतली. आत्याचं बोलणं तिला आवडत नव्हतं, पण तिने तिला थांबवलंही नाही. कोणाच्या माघारी वाईट बोलणाऱ्याइतकाच ते ऐकणाराही दोषी, हे तिने बाबांच्या तोंडून असंख्य वेळा ऐकलं होतं. ती ऐकत राहिली.

*

वहिनीचं बुधवारी दुपारपासून घड्याळाकडे लक्ष होतं. इस्पितळात तिने एका तोतऱ्या मुलाकडून 'क' म्हणून घेतला, त्याची पाठ थोपटली आणि मग स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं. वर्ग घ्यायचं काम तिने मागितलं नव्हतं. बाबांनी तिचा हात धरून शब्द जुळवत सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, ताईंना विचारलंत का? बाबांनी हात हलवला. त्या हात हलवण्याचा अर्थ तिने आपल्याला सोयीचा लावला. विचारलंय, असा. आपण तो अर्थ का लावला हे तिला ठाऊक होतं. तिला तो वर्ग हवा होता. ज्या खोलीत ती परकी म्हणून पहिल्यांदा मागच्या खुर्चीवर बसली होती, तिथे तिला समोर उभं राहायचं होतं.

दालन भरलं होतं. एक निवृत्त इंजिनियर, लग्न ठरलेली दोन जोडपी, विद्यापीठातल्या तीन-चार मुली, आणि आज पहिला दिवस म्हणून घरचे सगळे. बाबा पुढे आरामखुर्चीत, शेजारी आत्या, धाकटा दाराजवळ उभा. ताई नेहमीच्या जागी, मागच्या रांगेत.

वहिनीने विषय निवडला होता तो शब्दांनी होणाऱ्या अन्यायाचा. धर्म फसवणुकीचे दोन प्रकार मानतो, ती सांगू लागली. मालात केलेली आणि बोलण्यात केलेली. आणि जुने पंडित म्हणतात की दुसरी जास्त वाईट, कारण मालाची भरपाई करता येते. दुकानात जाऊन घ्यायचं नसताना भाव विचारू नये, कारण दुकानदाराला उगाच आशा लागते.

"नुसतं दुकानदाराचं नाही ते," मागून आवाज आला. "आणखी दोन उदाहरणं आहेत तिथे."

"हो, येतेच त्यांच्याकडे," वहिनी म्हणाली.

ती पुढे गेली. एका शब्दाचा उच्चार चुकला. ताईने दुरुस्त केला. वहिनीने आभार मानले. मग एका पंडिताचं मत तिने दुसऱ्याच्या नावावर घातलं, तेही ताईने दुरुस्त केलं. विद्यापीठातल्या मुली मागे वळून पाहू लागल्या. इंजिनियर गृहस्थांनी भाबडेपणाने विचारलं, की बाई, तुम्हीच का नाही शिकवत?

ताईचा चेहरा लाल झाला. कोणीतरी अखेर विचारलं होतं, पण चुकीच्या माणसाने.

"मला कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली. मग तिला थांबता आलं नाही. "आणि जिला सांगितलंय तिला या घरात येईपर्यंत विसाव्याचा दिवस शनिवारी असतो हेसुद्धा माहीत नव्हतं. मेणबत्ती लावताना हात थरथरायचे. तिच्या आईच्या घरी कुठली प्रार्थना होत होती ते तिलाच विचारा, ते जास्त चांगलं सांगेल ती."

वहिनीला आपल्या चेहऱ्यावरून रक्त उतरताना जाणवलं. गालांवर थंड वाटत होतं. चारचौघांत कोणाचा चेहरा पांढरा पाडणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं, हे ती पुढच्या दहा मिनिटांत सांगणार होती. आणि ती राहिलेली दोन उदाहरणंही. पस्तावलेल्याला त्याच्या जुन्या वागण्याची आठवण देऊ नये. आणि बाहेरून आलेल्याला त्याच्या आईबापांच्या धर्मावरून हिणवू नये.

ताईलाही तेव्हाच ते आठवलं असावं. तिचा हात तोंडाकडे गेला.

"ताई म्हणतात ते खरं आहे," वहिनी म्हणाली. "मला माहीत नव्हतं." तिने टिपणं गोळा केली आणि उरलेला धडा अगदी बारीक आवाजात पूर्ण केला. राहिलेली दोन उदाहरणं तिने दिली नाहीत.

*

शुक्रवारी संध्याकाळी घरचं जेवण झालं ते चार माणसांत. वहिनीने डोकं दुखतंय म्हणून निरोप पाठवला होता. वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीतला दिवा खालून दिसत होता.

धाकट्याने ताईकडे पाहिलंच नाही. भांडी सरकवताना सुद्धा तो तिच्या हाताला हात लागणार नाही याची काळजी घेत होता. दुकानातही दोन दिवस हेच चाललं होतं. तो पुढे गिऱ्हाइकांसमोर, ती मागे. डोळ्यांचा नंबर आणि फ्रेमचं माप लिहिलेली चिठ्ठी तो खिडकीतून आत टाकायचा आणि तयार चष्मा मागायलाही हाक मारायचा नाही, काचेवर टकटक करायचा. एरवी याच खिडकीतून तो तिला गिऱ्हाइकांच्या गमती सांगायचा. कोणाला चष्मा घालून आपण हुशार दिसतो असं वाटतं, कोण चष्मा न घालताच अक्षरं पाठ म्हणून दाखवतो.

आत्या मात्र रंगात होती. तिने ताईच्या ताटात स्वतःहून जास्तीचं वाढलं. मग भावाला उद्देशून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, की पोरीने बोलायला नको होतं, पण खोटं काय बोलली?

"खरं असतं म्हणूनच ते बोलायचं नसतं," धाकटा म्हणाला. "खोटं बोलली असती तर सरळ खोटारडी म्हटलं असतं आणि विषय संपला असता."

आत्याने वाढायचा चमचा खाली ठेवला. ती तशी दुष्ट नव्हती. या घरात तिचं काही चालेनासं झालं होतं, त्याला बरीच वर्षं झाली होती. नवऱ्यामागे ती भावाकडे आली तेव्हा तिला वाटलं होतं की भावाच्या घराची सूत्रं आपल्याकडे येतील. पण ताई मोठी होती आणि तिला सगळं येत होतं. मग सून आली. आत्याला ताईचाही हेवा वाटायचा आणि सुनेचाही, आणि दोघींपैकी एकीची बाजू घेतली की तेवढ्यापुरतं तिला बरं वाटायचं.

बाबांनी अर्धं जेवण ठेवलं. त्यांनी ताईकडे बघून काहीतरी म्हटलं. ओठ दोनदा एकत्र आले, मग नुसता श्वास. ताईला कळलं नाही. नेहमी सांगणारी आज तिथे नव्हती.

*

मोठ्या उपवासाला पंधराच दिवस राहिले होते. त्या दिवशी माणूस देवापुढे उभा राहतो आणि वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतो. पण बाबांच्या वर्गात पहिल्याच महिन्यात शिकवलं जायचं की त्या दिवसाचा उपयोग देवाशी केलेल्या चुकांपुरताच. माणसाशी चुकलात तर त्या माणसाकडेच जावं लागतं. देवाला त्यात पडायचा अधिकार नाही. त्या माणसाने नाही म्हटलं तर पुन्हा जायचं, आणि तरीही नाही म्हटलं तर तिसऱ्यांदा.

रविवारी ताई वर गेली. वहिनी कपड्यांना इस्त्री करत होती. ताई दारातच उभी राहिली आणि ठरवून आणलेलं वाक्य बोलली. मी चुकले, तसं बोलायला नको होतं, पण मलाही काही न कळवता…

"या 'पण'च्या आधी थांबला असता, ताई, तर मी हो म्हटलं असतं," वहिनी म्हणाली. तिने इस्त्री बाजूला उभी केली. "तुम्ही माझ्यासाठी नाही आलात. उपवास जवळ आलाय म्हणून आलात."

खाली उतरताना ताईच्या अंगाचा तिळपापड झाला होता. माफी मागायला गेले आणि वर व्याकरण शिकवते! तिने दुकानात जाऊन चार चष्म्यांच्या दांड्या उगाचच घट्ट केल्या. एकाचा स्क्रू आट्यांतून निसटला.

दुसऱ्या वेळी ती एकटी गेली नाही. परंपरा सांगते की सोबत माणसं न्यावीत, म्हणजे मागणाऱ्याच्या मनातलं उघड होतं. तिने आत्याला नेलं. यापेक्षा वाईट निवड गावात नव्हती. आत्याने खोलीत पाऊल टाकताच पडद्यांचं कापड हाताने चाचपून पाहिलं, आणि ताईचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाली, की सूनबाई, आता फार ताणू नकोस. एव्हाना तुलाही कळलं असेल, तीनदा मागून दिली नाहीस तर पाप तुझ्याकडे येतं.

"आत्या," ताई म्हणाली.

पण ते बोलून झालं होतं. वहिनीने दोघींना बसायला सांगितलं, चहा विचारला, आणि क्षमा दिली नाही. आत्या जिन्यावर म्हणाली, बघितलंस ना, अजून एकदाच.

त्या रात्री वहिनीने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. "मला ताईवर राग नाही इतका," ती म्हणाली, "जितका हेवा वाटतो. दर बुधवारी आता मी तिथे उभी राहणार आणि मागच्या रांगेत ती असणार, जिने हे सगळं चालायला येण्याआधी ऐकलंय. मी कितीही शिकले तरी मला कोणाच्या मांडीवर बसून ते ऐकता येणार नाही. ती वडिलांची मुलगी आहे. मी त्यांचं तोंड आहे, एवढंच."

धाकट्याने तिच्या पायावर पांघरूण ओढलं. आपल्या बहिणीला आपल्या बायकोचा हेवा वाटतो हे त्याला कळत होतं. बायकोला बहिणीचा वाटतो हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्याला स्वतःला दोघींचा वाटायचा, कारण बाबांनी त्याला कधी वर्गात ये असंही म्हटलं नव्हतं. पण ते तो कोणाला बोलला नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करायच्या वेळेला बाबा आले. कोणाच्या आधाराशिवाय, काठी टेकत, रस्ता ओलांडून. ताई मागच्या खोलीत चाक पुसत होती. तिने घाईने स्टूल दिलं. बाबा बसले, धाप उतरू दिली, आणि तिच्याकडे बघून बोलायला लागले.

पहिल्यांदा तिला काही कळलं नाही. ती म्हणाली, थांबा, वहिनीला बोलावते. बाबांनी जोरात मान हलवली. नाही. पुन्हा बोलले. ओठ गोल केले, जीभ वर लावली, वहिनी शिकवायची तसं. ताई त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. त्यांच्या तोंडाकडे इतक्या जवळून तिने लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. ती ऐकत होती, चुकत होती, शब्द विचारून बघत होती. बाबा मान हलवायचे किंवा डोलवायचे.

"मी… चुकलो," हे तिला कळलं.

"काय चुकलात?"

"तुला… विचारलं… नाही."

"का नाही विचारलंत?"

बाबा शब्द जुळवू लागले. त्यांचे डोळे ओले झाले. ताईने त्या वेळात कितीतरी उत्तरं तयार करून ठेवली. मुलीने शिकवावं हे मंडळींना रुचणार नाही म्हणून. तुझा आवाज कठोर आहे म्हणून. तुला दुकान आहे म्हणून. सुनेला बाहेरून येऊन शिकावं लागलं, म्हणून बाहेरून येणाऱ्यांचं तिला कळतं, म्हणून. हे शेवटचं खरं असतं तर तिने सहनही केलं असतं.

"सुचलंच… नाही," बाबा म्हणाले.

ताईला वाटलं तिने चुकीचं ऐकलं. तिने पुन्हा विचारलं. बाबांनी पुन्हा तेच म्हटलं, एक एक अक्षर सोडवून. तू होतीसच. तू नेहमी होतीस. म्हणून सुचलं नाही.

मग त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि क्षमा मागितली. तो शब्द त्यांना नीट जमला, कारण तो त्यांनी आधी पुष्कळ घोकला असावा. कोणासोबत, हे तिला लगेच कळलं. वहिनीसोबत, आरशासमोर. म्हणजे वहिनीला माहीत होतं बाबा कुठे निघालेत, आणि तिने त्यांना बोलायला शिकवून एकटं पाठवलं होतं.

ताईला हो म्हणायचं होतं. ते तिच्या जिभेवर आलंही. म्हातारा बाप स्टुलावर बसून मुलीकडे माफी मागतोय आणि जगातल्या कुठल्याही पुस्तकाप्रमाणे मुलीने या क्षणी उठून त्याला मिठी मारायला हवी. पण ती गुडघ्यांवरून उठली नाही. इतकी वर्षं खुर्च्या लावल्या. इतकी वर्षं शब्द पुरवले. सुचलं नाही.

"आज नाही बाबा," ती म्हणाली. "आज होत नाहीये माझ्याकडून."

बाबांनी मान डोलवली. त्यांना याचं आश्चर्य वाटलं नाही. ते काठीवर भार देत उठले आणि ती त्यांना रस्ता ओलांडून घरापर्यंत सोडायला गेली, त्यांचा दंड धरून. चालता चालता तिला वहिनीचा इस्त्री बाजूला ठेवणारा हात आठवला. मागणाऱ्याला क्षमा लगेच हवी असते. देणाऱ्याकडे ती तेव्हा असतेच असं नाही. हे तिने कुठे वाचलेलं नव्हतं.

*

बुधवारी ताई वर्गाला आली तेव्हा वहिनीने तिला दारातून आत येताना पाहिलं आणि तिच्या हातातला खडू थांबला. तिसरी वेळ, तिला वाटलं. आणि ही तिसरी वेळ चारचौघांत होणार. आता नाही म्हणायची सोयच उरणार नाही. आत्याने सांगितलेलं पाप तिला आठवलं आणि तिने खडू खाली ठेवला.

ताई मागच्या रांगेत गेली नाही. ती पुढे आली, फळ्याच्या बाजूला उभी राहिली, आणि लोकांकडे वळली. इंजिनियर गृहस्थ, जोडपी, मुली. सगळे तेच होते. बाबा आरामखुर्चीत होते. आत्या आज आली नव्हती, ताईने तिला येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

"मागच्या वेळी मी इथे बोलले," ताई म्हणाली. "ज्या धड्याच्या मध्ये बोलले त्याच धड्यात दोन उदाहरणं राहिली होती. ती मीच करून दाखवली. बाहेरून आलेल्याला त्याच्या आईबापांच्या घरावरून बोलायचं नसतं, हे मला लहानपणापासून पाठ आहे. पाठ असून मी बोलले. यांना माहीत नव्हतं ते यांनी इथे येऊन शिकून घेतलं. मला माहीत होतं ते मी वापरलं नाही. एवढंच सांगायचं होतं."

ती मागे गेली आणि बसली. वहिनी तिच्या पुढच्या वाक्याची वाट पाहत होती, पण ते वाक्य आलं नाही.

धडा झाला. आज वहिनीने एक वचन चुकवलं, मागून कोणी दुरुस्त केलं नाही. तिला ते चुकल्याचं स्वतःलाच कळलं आणि ती थांबली. "ताई, हे मला नीट आठवत नाहीये," ती म्हणाली, आणि ताईने बसल्या जागेवरून, हळू आवाजात, पुढचा शब्द सांगितला. एका मुलीने ताईकडे वळून त्याचा अर्थ विचारला. ताईने सांगितला. वहिनीने त्याला विरोध केला, दुसऱ्या पंडिताचं मत घेऊन. मग बराच वेळ दोघी वाद घालत राहिल्या आणि मुली एकीकडून दुसरीकडे माना फिरवत राहिल्या. बाबा खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते.

सगळे गेल्यावर वहिनीने फळा पुसला. ताई खुर्च्या एकावर एक रचत होती.

"तुम्ही आज माफी मागितली नाहीत," वहिनी म्हणाली.

"नाही."

"मला वाटलं मागाल."

"तिसऱ्यांदा मागितली असती तर तुला द्यावीच लागली असती," ताई म्हणाली. "धाकानं घेतलेली मला नको होती. झाली तर दे, नाही झाली तर नको देऊस."

वहिनी ओलं फडकं हातात धरून उभी राहिली. तिला अचानक फार थकल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं. "मला तुमचा फार हेवा वाटतो," ती म्हणाली. "अजूनही वाटतो. तो जाईल असं काही नाही."

"माझाही जाणार नाही," ताई म्हणाली. "पुढच्या बुधवारी कोणता धडा आहे?"

"उपवासाचा. तुम्ही घ्याल का?"

हातातली खुर्ची ताईने दुसरीवर ठेवली आणि सरळ केली. "अर्धा," ती म्हणाली. "अर्धा तू घे. मी एकटीने घेतला तर सगळे रडत घरी जातील."

वहिनी हसली. ताई हसली नाही, पण तिने फडकं तिच्या हातातून घेतलं.

बाबा दाराशी थांबले होते. धाकटा त्यांना न्यायला आला होता, पण त्याचा हात बाजूला करून ते ताईकडे वळले. ओठ गोल केले. जीभ वर लावली. पुन्हा तोच शब्द. या वेळी ताईला तो पहिल्याच झटक्यात कळला, आणि तिने तो त्यांना पुरा करू दिला. पुरा झाल्यावर तिने त्यांच्या अंगरख्याचं सुटलेलं बटण लावलं.

"हे दुसऱ्यांदा झालं, बाबा," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा नका मागू. तुम्हाला तिसऱ्यांदा मागायला लावणारी मुलगी मला व्हायचं नाही."

बाबांनी विचारलं, म्हणजे हो?

त्यांचं बोलणं तिला कळलं. वहिनीकडे न बघता, कोणाला न विचारता कळलं.

"म्हणजे हो," ती म्हणाली, आणि त्यांचा दंड धरून पायरी उतरायला लागली.